चोपण वावर

"माती आपल्या मनानं काई सोडत नाई, भाऊ. तिले बदल्यात दुसरं द्या लागते."

वर्ध्याच्या आमच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत मॅडम नमुन्याची बाटली हलवता हलवता हे म्हणायच्या. चिकणमातीच्या कणावर ऋण भार असतो. कॅल्शियम, पालाश, सोडियम त्याला धरून बसतात. एकाला उठवायचं तर त्याच्या जागी दुसरा आणून बसवावा लागतो. तुम्ही-आम्ही हे पुस्तकात वाचतो. मॅडम मात्र घरातल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलत.

देवळीजवळ त्यांचं वावर होतं. बोअरच्या खारट पाण्यानं ते चोपण झालं. सोडियमनं कॅल्शियमला हुसकलं, माती घट्ट बसली, पाणी मुरेना. कपाशी पिवळी पडायची. यावरचा उपाय त्यांनीच कितीतरी शेतकऱ्यांना सांगितलेला: जिप्सम टाका, चर खणा, सुटलेला सोडियम पावसाबरोबर वाहून जाईल. स्वतःच्या वावरात मात्र त्या चर खणू देत नव्हत्या.

उताराच्या टोकाला, बाभळीखाली, त्यांची मुलगी पुरलेली होती. बारशाआधीच गेलेली.

एका उन्हाळ्यात जिप्सम पसरायला मीही मदतीला गेलो. त्यांचे यजमान कुदळ घेऊन उभे होते.

"पाणी तिकूनच उतरते," ते हळूच म्हणाले. "किती वर्सं थांबाचं?"

मॅडम बाभळीखाली बसल्या. जमिनीवर तळहात टेकवून बराच वेळ बसून राहिल्या. मग उठल्या. "बाजूनं काढा. हातानं. मशीन नोको." पहिली कुदळ त्यांनीच मारली.

वावर हळूहळू सुधारलं. मॅडम मात्र खलात माती कुटताना मध्येच थांबू लागल्या. दाराकडे वळून म्हणायच्या, "मी येऊन राह्यली वं, थांब जराशी."

दारात कुणी नसायचं.

"कोण आहे, मॅडम?" एकदा मी विचारलंच.

"पोरगी. मोकळी झाली ना आता. हाका मारते." आणि त्या इतकं साधं हसल्या, की त्या दिवशी मला दाराकडे पाठ करून बसवेना.

गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि मॅडम गेल्या. भेटायला गेलो तेव्हा यजमान वावरातच होते. सोयाबीन गुडघ्याला लागत होतं, चर भरून वाहत होता. मी समजुतीचं काहीतरी बोलू लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मान कलती करून ते पाण्याकडे कान देऊन राहिले.

"आधी पोरगी एकटीच बोले," ते म्हणाले. "आता दोघी बोलतात, भाऊ."