बिनवासाचं पिंप

१२ मार्च, मंगळवार. सकाळपासून ढगाळ. पुतणीच्या रक्ताचा रिपोर्ट आला. चांगला आहे म्हणतात. भावजी दुपारी जेवले नाहीत.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. तव्यांना नॉनस्टिक लेप मारण्यात त्यांचा उभा जन्म गेला. हातात फवाऱ्याची गन, समोर फिरणारे तवे, पलीकडे भट्टी. कारखान्यात त्यांना सगळे ‘फवारे’ म्हणतात. एकदा पगाराच्या पाकिटावरही तेच नाव छापून आलं, तर ते बदलून घ्यायचं सोडून सगळ्यांना दाखवत फिरले.

जुन्या लेपाला उग्र वास होता. त्याची रिकामी पिंपं भोकं पाडून चेपून टाकत, कुणी हात लावत नसे. पुतणी, म्हणजे भावजींची मुलगी, प्राथमिक शाळेत असताना साहेबांनी सगळ्यांना अंगणात जमवून सांगितलं, की जुन्यातलं घातक द्रव्य काढून त्याजागी नवं आणलंय. नवा लेप दुधासारखा पांढरा, वास नाही, पिंपावर हिरव्या पानाचं चित्र. हळूहळू मास्क तोंडावरून गळ्यात आले. आणि नव्याची रिकामी पिंपं घरोघरी गेली. जाड, निळी, घट्ट झाकणाची; आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, त्यामुळे अशा पिंपाची चंगळच वाटायची. भावजींनी आपलं पिंप साबणानं घासलं, उन्हात वाळवलं आणि खांद्यावरून घरी आणलं.

“लग्नात एक मणी घातला नाही,” जाऊबाई म्हणाल्या, “आता पिंप घेऊन आलेत मिरवत.”

पण दुसऱ्याच दिवसापासून घरातलं पिण्याचं पाणी त्यातच. पुतणी स्टुलावर चढून त्यातून पाणी काढायची.

पुढे भावजींचं जेवण कमी आणि पोट पुढे, असं व्हायला लागलं. “फवारे, कितवा महिना?” म्हणून सोबती चिडवत. मग साखर निघाली, यकृतावर चरबी निघाली. चिडवणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांना साखर निघाली. वय झालं, असं म्हणून सगळे गोळ्या घेऊ लागले.

वय झालं, हे पुतणीला कसं लागू व्हावं? जावई बोटीवर नोकरीला, म्हणून ती आईवडिलांकडेच असते. अंगानं काडी. सातव्या महिन्यात तिची साखर अशी चढली, की रोज इंजेक्शन घ्यावं लागतं. पोटातलं मूल नको तेवढं मोठं होतंय. डॉक्टरांनी वडिलांचा धंदा विचारला, पिंपाबद्दल ऐकलं आणि रक्त लांबच्या प्रयोगशाळेत पाठवलं. तेव्हापासून भावजींना एकच ध्यास: हे माझ्या पिंपामुळे झालं का?

आज भावजी आणि पुतणीबरोबर मी गेले. इंग्रजी कागद वाचायला मला नेतात.

“रक्तात लेपातलं द्रव्य नगण्य आहे,” डॉक्टर म्हणाले. भावजींनी हात जोडले. तेव्हा डॉक्टर घाईनं म्हणाले, “थांबा. ही तपासणी जुन्या द्रव्याची. नव्याची इथे कुठेच होत नाही.”

“मग नवं चांगलं ना?”

“दोन्ही फ्लोरिनचीच. एकाच घराण्यातली समजा. नव्यानं प्राण्यांचं यकृत बिघडलेलं दिसलंय. माणसांच्या साखरेबद्दल अभ्यास चाललेत, निकाल उलटसुलट आहेत. हिला त्यानंच झालं असं मी म्हणणार नाही. नाही झालं, असंही म्हणणार नाही.”

“मग मी कुणाला विचारू?”

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटची फाईल ओढली, पण उघडली नाही.

घरी जाऊबाई दारातच उभ्या. “रिपोर्ट चांगला आला ना? मग तोंडं का पडलीत?”

भावजी थेट आत गेले आणि त्यांनी भरलेलं पिंप मोरीत आडवं केलं. पाणी बाहेरच्या खोलीपर्यंत आलं.

“अहो, परवापर्यंत नळ नाही! पोरीला काय पाजू?” जाऊबाई ओरडल्या.

पुतणी पाय वर घेऊन पलंगावर बसली होती. “बाबा, तुम्ही पिंप आणलंत, विष नाही आणलंत.”

“त्याला वास येत नव्हता गं,” भावजी म्हणाले. पुन्हा तेच म्हणाले. मग भिंतीला टेकून खाली बसले, ओल्यातच. इतक्या वर्षांत ती जे पाणी प्यायली, ते काही ओतून टाकता येत नाही. आणि मुलाचं काय होणार, हे ते जन्मल्यावरच कळेल, किंवा तेव्हाही कळणार नाही.

पोछा मी आणि जाऊबाईंनी मिळून मारला.

संध्याकाळी. माझ्या स्टीलच्या टाकीतलं निम्मं पाणी खाली दिलं. परवापर्यंत नळ नाही, म्हणून भांडी न घासता तशीच ठेवली.