लोकांना काय सांगू?

नाशिकच्या दवाखान्यातले माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल निघाले, त्या दिवशी नवऱ्याने जव्हारच्या एसटी स्टँडवर जिलेबी घेतली. त्याला खरंच आनंद झाला होता. मी मात्र जिलेबीचा पुडा मांडीवर धरून घरी दाभोशाला जाणाऱ्या जीपमध्ये रडत बसले. शेजारच्या बाईने विचारलं, "काय झालंय?" काहीच झालेलं नाही म्हणून रडतेय, हे तिला कसं सांगायचं?

अंग दुखायचं. सकाळी उठताना खांदे, मनगटं, पाठ, सगळं कोणी कुटून काढल्यासारखं व्हायचं. एखादा दिवस बरा जायचा, मी पाणी भरायचे, हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी कूस बदलता यायची नाही. तोच माझा गुन्हा. "काल तर चांगली हसत होती," असं लोक म्हणत. आश्रमशाळेत बारावी झालेली सून, तिला चिखलात उतरायचा कंटाळा, असा पाड्याचा निकालही लागून गेला होता.

डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात काही टेन्शन? मी म्हटलं, मागच्या वर्षी माझी आई गेली. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला, हरवलेली किल्ली सापडावी तसा. मला असा राग आला! माझ्या आईला यात कशाला ओढता? पण खोटं कशाला बोलू, आईची आठवण आली की दुखणं वाढतं. आणि आठवण नसतानाही, नुसती भाकरी थापताना, मनगट तितकंच ठणकतं. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही ऐकून घ्यायला कोणाला वेळ नसतो.

आमच्याकडे भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सगळी घरं मिळून करतात. आज आम्ही तुमच्या शेतात, उद्या तुम्ही आमच्या. घरातली एक बाई तरी जायलाच हवी, नाहीतर आपल्या शेतात कोण येणार? माझ्या जागी सासू जायची. तिचे गुडघे धरलेले, आणि वर बायकांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. एका संध्याकाळी नागली पाखडता पाखडता ती म्हणाली, "लोकांना काय सांगू?"

"ताप आलाय सांग, आये."

"ताप दोन दिसांत उतरतं. तुझा उतरल का?"

मी वाताचं नाव काढलं. तो तिच्याच गुडघ्यांत होता आणि ती रोज चिखलात उभी राहत होती. शेवटी सूप आपटून ती म्हणाली, "त्यापरीस पाय मोडता तं बरा होता." मला हसू आलं, कारण मीही मनात कितीदा तेच म्हटलं होतं. पण भीतीही वाटली. ही कंटाळून इतरांसारखं बोलायला लागली, तर या घरात मला कोणीच उरणार नव्हतं.

त्यानंतर एकदा जरा बरं वाटलं म्हणून चहाची किटली घेऊन शेताकडे गेले. बायका पाठमोऱ्या, ओळीने वाकलेल्या. मी बांधापाशी पोचले तेव्हा एकीने विचारलेलं ऐकू आलं.

"तुझे सुनेला काय झालाय गं?"

"तिला बरा नाय," सासू म्हणाली.

"पन झालाय काय? रिपोटात तं काय निंघला नाय."

सासू ताठ उभी राहिली. "नाय निंघला. तरी तिला दुखतं. मी रोज बघतंय ना." आणि पुन्हा वाकून माझ्या वाट्याची रोपं लावू लागली.

मग तिला मी दिसले. "तुला कोनी सांगला चहा आनायला? जा, नीज जा!"

"जाते," म्हणाले, आणि तिथेच बांधावर बसून पोटभर रडले. बायका एकेक करून आल्या, चहा प्यायल्या, पेला माझ्या हातात परत देऊन गेल्या. काय झालंय, असं एकीनेही विचारलं नाही.