वाकू नकोस: बेडोकहून मंडाईच्या जॅग्वारपर्यंत

जॅग्वार बघायची हौस मला अजिबात नव्हती. आठवडाभर ऑफिसात सॉफ्टवेअर रिलीजचा रगाडा उपसल्यावर शनिवारी फक्त झोपायचं होतं. पण डिसेंबरच्या सुट्टीत इराला, माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला, जुन्नरजवळ माझ्या माहेरी पाठवायचं की नाही हे एकदाचं ठरवायचं होतं. आई गेल्यापासून माझे वडील मळ्यात एकटेच राहतात आणि वर्षभर नातीची वाट बघतात. मळ्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आहे आणि उसात बिबटे. इरा वाढली सिंगापुरात, तिच्या लेखी जनावर म्हणजे काचेपलीकडची गोष्ट. तेव्हा बिबट्याचा हा दांडगा भाऊबंद दाखवून तिच्या मनात जरा धाक भरावा, असा बेत केला. धाक दाखवायलाही तिकीट काढून काचेसमोरच नेणारी आई मीच.

घराजवळ बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, काया (नारळाचा जॅम) लावलेला टोस्ट आणि कॉफी घेऊन आठला निघालो. एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, मध्ये गाडी बदलून खातिब स्टेशन, तिथून मंडाईच्या प्राणिसंग्रहालयाची बस. दीड तास धराच. दोघींचं तिकीट पाऊणशे डॉलरच्या आसपास पडतं. आतलं खाणं महाग आहे, म्हणून मी तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या. दहा वाजताच घामानं निथळत होतो. इराचं सिंगापुरी सुरातलं "आय अ‍ॅम टायर्ड, लाह" सुरू झालं होतं, आणि तिची समजूत घालायची माझी ताकद संपली होती.

जॅग्वार फळीवर झोपलेला होता. शेजारी उभ्या असलेल्या स्वयंसेवक बाई इंग्रजीत माहिती देत होत्या: हा दबा धरून मागून येतो, उत्तम पोहतो, माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. पण समोर आलाच तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही. ताठ उभं राहायचं, हात वर करायचे, मोठ्यानं बोलत हळूहळू मागे सरकायचं. बिबट्यालाही हेच लागू आहे, ही गोष्ट मी इराला तीनदा सांगितली. तिनं जांभई दिली, काचेकडे पाठ केली आणि बुटाची नाडी बांधायला खाली बसली.

फळीवरचं डोकं वर आलं. मग अंग चोरून तो खाली उतरला आणि दोन ढांगांत काचेशी येऊन थडकला. मी किंचाळून पळाले. चार-पाच पावलं गेल्यावर लक्षात आलं, इरा काचेपाशीच राहिलीय. ती उभी राहून, दोन्ही हात वर करून, "गो अवे" म्हणत एकेक पाऊल मागे येत होती.

"आई, यू रॅन," ती म्हणाली. मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

"उभ्या माणसांकडे तो ढुंकूनही बघत नाही," बाई म्हणाल्या. "कुणी वाकलेलं, बसलेलं दिसलं की उठतो."

परतीच्या गाडीत इरानं उरलेल्या पुऱ्यांना हातही लावला नाही. घाबरली असेल असं वाटून मी तिला जवळ घेतलं. घरी पोचताच तिनं आजोबांना व्हिडिओ कॉल लावला.

"आबा, तुम्ही कांदे कसे लावता? वाकून?"

"वाकल्याबिगर कसं लावायचं, बाळा?"

"मग लेपर्ड तुम्हाला बघतो."

आबा हसले. काळजी करू नकोस म्हणाले आणि त्यांनी फोन भिंतीकडे वळवला. खुंटीवर चामड्याचा जाड पट्टा होता, बाहेरच्या बाजूनं खिळे ठोकलेला.

"कुत्रा कधी आणला?" मी विचारलं.

"कुत्रा कुठला? माझाच हाय तो. शेतात जाताना घालतो गळ्यात, बिबट्या मानच धरतो ना. दोन महिने झाले. तुला उगाच घोर नको म्हणून बोललो न्हाई."

महिनाभर मी फक्त इराचा विचार करत होते. त्याच रात्री माहेरी जायची तिकिटं काढली, एक नव्हे, दोन: इराचं आणि माझं.