मागची बाजू ज्याची त्यानं वाचायची

बागूल सर फुटबॉलचा सराव मैदानाच्या कडेला उभं राहून कधी पाहत नसत. गोलच्या मागे, जाळीला नाक लागेल इतक्या जवळ, द्राक्षांचा प्लास्टिकचा क्रेट उलटा घालून ते बसत. नाशिकमध्ये क्रेटला तोटा नाही. आमच्या जिमखान्यात चेंडू, जर्स्या, पट्ट्या सगळं क्रेटमध्येच असायचं. पण सरांचा क्रेट निळा आणि ठरलेला. त्यावर दुसरं कुणी बसलं तर सर बोलत नसत, नुसते शेजारी येऊन उभे राहत, आणि बसलेला आपोआप उठे. "कडेनं चेंडू दिसतो राजा," ते म्हणत, "मागून माणसं दिसतात. कोण पळतोय आणि कोण पळाल्यासारखं करतोय, ते मागूनच कळतं."

सर मूळचे सटाण्याकडचे. शहरात तीस वर्षं काढूनही खूश झाले की तोंडून अहिराणीतलं "बरं शे" निघायचं, म्हणजे बरं आहे. यापेक्षा मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती. मला ती तीन वर्षांत दोनदा मिळाली, त्यातली एक फाटलेली जाळी शिवल्याबद्दल. चिडायचे मात्र पटकन. पास चुकला की क्रेटवरून उठायचे, पुन्हा बसायचे, पुन्हा उठायचे. आमचा गोलकीपर हिरामण कळवणचा. तो म्हणायचा, "पुढून गोल परवडला, मागून सर नाय परवडत."

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी सरांचा एक रिवाज असे. प्रत्येक खेळाडूच्या नावाचा एक कागद. पुढच्या बाजूला त्याची ताकद, मागच्या बाजूला त्याची कमजोरी. जिमखान्यात सगळे रिंगण करून बसायचे. पुढची बाजू सर स्वतः मोठ्यानं वाचत. मग कागद त्या खेळाडूच्या हातात, आणि मागची बाजू त्यानं स्वतः, सगळ्यांसमोर वाचायची. वाचून झालं की फक्त "हो" म्हणायचं. "पण सर" म्हणायचं नाही. "चांगलं मी सांगीन," सर म्हणत, "वाईट ज्याचं त्यानंच वाचायचं. दुसऱ्यानं वाचलं की भांडण होतं, स्वतः वाचलं की सराव होतो."

सगळ्यात शेवटी एक कागद सरांचा असे. तो कॅप्टननं लिहायचा. पुढची बाजू कॅप्टन वाचणार, मागची सर. आधीच्या कॅप्टननं लिहिलं होतं, 'सर ओळखीच्या मुलांना जास्त संधी देतात.' सरांनी ते शब्दन्‌शब्द वाचलं, "हो" म्हटलं आणि पुढच्याच सामन्यात स्वतःच्या भाच्याला बाकावर बसवलं. शेवटच्या वर्षी कॅप्टन मी होतो, आणि सरांचा कागद माझ्याकडे आला.

त्या वर्षीचा आमचा संघ बरा होता. बचाव भक्कम, मधली फळी पळणारी, उजव्या बाजूला इम्रान. तो मालेगावचा, वडील यंत्रमागावर, आणि पायात अशी चपळाई की समोरच्याला तो कुठून गेला ते नंतर कळायचं. सर सगळ्या संघाबद्दल एकच वाक्य म्हणत, "पहिला तासभर आपण चांगले. मग सगळ्यांना भूक लागते." इम्रानचा डावा पाय कच्चा, हेही सगळ्यांना माहीत होतं. पण उन्हाळाभर त्यानं मालेगावात भिंतीवर चेंडू मारून मारून तो पक्का करून आणला होता.

स्पर्धेच्या दहा दिवस आधी शहरातल्याच एका कॉलेजशी सराव सामना झाला. पलीकडच्या टोकाला इम्राननं डाव्या पायानं सुंदर गोल मारला. सर आमच्या गोलमागे होते. त्यांनी हिरामणला विचारलं, "कोणी मारला?"

"इम्राननं, सर."

"उजव्यानं ना?"

"डाव्यानं, सर."

सरांनी जाळीत नाक आणखी खुपसलं. मी बचावात खेळायचो, त्यामुळे हे सगळं मला ऐकू आलं. थोड्या वेळानं आमचा उजव्या बाजूचा बचावपटू लंगडायला लागला. सरांनी हाक दिली आणि डाव्या बाजूच्या धडधाकट मुलाला बाहेर घेतलं. तो आश्चर्यानं बघत बाहेर गेला. लंगडणारा आतच राहिला आणि त्याच्या बाजूनं दोन गोल झाले. आम्ही हरलो. सर क्रेटवरून उठलेच नाहीत, चिडलेही नाहीत. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

सातपूरच्या बसला उभं असताना इम्रान म्हणाला, "कप्तान, सर को दूर का दिखता नहीं. पक्का."

"आपण नाय बोलणार बा," हिरामण म्हणाला. "सर म्हणजे बाप हाय आपला. बापाला कोण सांगंल?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी बसकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. सामन्यात बाहेर घेतलेल्या त्या मुलाच्या घरून तक्रार आली होती. "बागूल सरांची तब्येत ठीक आहे ना? तू कॅप्टन आहेस, खरं काय ते सांग. प्रकृतीचा प्रश्न असेल तर त्यांना या वर्षी विश्रांती देऊ." विश्रांती म्हणजे काय ते मला कळत होतं. निळा क्रेट, मैदान, शनिवारचे कागद, सगळं एका वाक्यात जाणार होतं. "ठीक आहेत सर," मी म्हटलं आणि घाम पुसत बाहेर आलो.

आता उरला कागद. खरं लिहिलं तर सर ते अठरा जणांसमोर वाचणार, आणि संध्याकाळपर्यंत ते प्राचार्यांच्या टेबलावर असणार. नाही लिहिलं तर स्पर्धेत पुन्हा तेच होणार. तीन दिवस कागद माझ्या वहीत कोराच होता. पुढची बाजू सोपी होती: 'सर आम्हाला आमच्यापेक्षा जास्त ओळखतात.' मागची बाजू मी शुक्रवारी दुपारी लिहिली. 'सर लवकर चिडतात.' तीन शब्द. लिहिलं आणि वही मिटली. मला अगदी हलकं वाटलं, हे आज सांगताना लाज वाटते.

शनिवारी सगळे जमले. कागदांवर अक्षर सरांचं नव्हतं. ठसठशीत, गोल, शाळेच्या फळ्यावरचं असावं तसं. ते काकूंचं, सरांच्या पत्नीचं, हे मी ओळखलं. त्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या. "हात दुखतोय, हिच्याकडून लिहून घेतलं," सर म्हणाले.

जर्सीच्या क्रमांकानं वाचन सुरू झालं. सर कागद उचलत, ताकद सांगत, कागद देत. हिरामणनं आपला मागचा मजकूर वाचला, "कोपऱ्यावरून चेंडू आला की रेषा सोडत नाही," आणि "हो" म्हणाला. इम्रानची पाळी आली. त्यानं मागची बाजू बघितली, क्षणभर थांबला आणि वाचली, "डावा पाय कच्चा." आता ते खरं नव्हतं, तरी "हो" म्हणाला. खाली बसताना त्यानं माझ्याकडे बघितलं.

खेळाडूंमध्ये कॅप्टनची पाळी शेवटची. मी सरांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझा कागद डोळ्यांसमोर धरला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "पूर्ण मैदान बघतो. धोका सगळ्यांच्या आधी ओळखतो." मी कागदाकडे बघितलं. तो उलटा होता. काकूंची गोल अक्षरं डोक्यावर उभी होती आणि सर न अडखळता वाचत होते.  लांबचंच नव्हे, हातातलंही दिसत नव्हतं. अठरा जणांचं सगळं त्यांनी पाठ केलं होतं.

मी कागद घेतला, सरळ केला, मागे वळवला. लिहिलं होतं: 'दिसतं, पण बोलत नाही.'

ते मैदानाबद्दल होतं. बचावाच्या मधल्या खेळाडूनं ओरडून सगळ्यांना जागा सांगायच्या असतात आणि मी सांगत नसे. मी वाचलं, "हो" म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"आता माझा आण," सर म्हणाले.

मी पुढची बाजू वाचली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी हात पुढे केला. कागद द्यावा की तिथंच फाडावा, हे मला कळेना. दिला. त्यांनी तो उलटवला, डोळ्यांसमोर धरला.  मग सरांनी वाचलं, थांबत थांबत, एकेक शब्द बघून उचलावा तसं:

"सरांना दिसत नाही. पलीकडच्या बाजूला कोण आहे ते त्यांना कळत नाही. सामन्यात खेळाडू बदलायचा निर्णय यापुढे त्यांनी घेऊ नये."

यातला एकही शब्द त्या कागदावर नव्हता.

"हो," सर म्हणाले. कागदाची घडी करून खिशात ठेवली. "काचबिंदू आहे. गेलेलं परत येत नाही, आहे ते टिकवायचं. कॅप्टननं बरोबर लिहिलंय. कॅप्टन असाच पाहिजे." आणि माझा खांदा शोधून त्यावर थाप दिली. म्हणाले, "बरं शे."

बाहेर येताच हिरामणनं मला मिठी मारली. इम्रान म्हणाला, "मान गये कप्तान." मी काहीच बोललो नाही. सर तिथून थेट प्राचार्यांकडे गेले, स्वतः सगळं सांगितलं आणि सराव आपल्याकडे, सामना कॅप्टनकडे असं ठरवून आले. स्वतः सांगायला आलेल्या माणसाला प्राचार्य काय विश्रांती देणार?

रविवार मी कसा काढला ते माझं मला माहीत. घरी काकू सरांना सगळं वाचून दाखवत असणार, हे मला कळत होतं. सोमवारी मैदानावर पोचलो तेव्हा सर निळ्या क्रेटवर होते. शेजारी दुसरा क्रेट उलटा घातलेला. "बस," ते म्हणाले.

मी बसलो. बुटांना काळी माती चिकटली होती, ती काढत राहिलो.

"काल हिनं तुझा कागद वाचून दाखवला." जाळीत बोटं अडकवत म्हणाले, "मी लवकर चिडतो म्हणे."

मी बुटाच्या नाडीची गाठ सोडली आणि परत बांधली.

"चिडतो. पण ती तुमची अडचण, संघाची नाही." मग म्हणाले, "मला वाटलं होतं, तू लिहिशील."

एवढंच. लवकर चिडणारा तो माणूस त्या दिवशी चिडला नाही. चिडायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

"पोरांना सांगतो सर," मी कसंबसं म्हटलं.

"आत्ता नको. त्यांना वाटतंय आपला कॅप्टन बोलणारा आहे. स्पर्धा होईपर्यंत तसंच वाटू दे. नंतर तुझं तू बघ." मग गोलकडे तोंड करून म्हणाले, "आता बोल. समोर काय चाललंय?"

मी बोलायला लागलो. इम्रान उजवीकडे, चेंडू डाव्या पायावर घेतोय, हिरामण रेषेवरच उभा आहे. आधी हळू, मग मोठ्यानं. पुढे सामन्यातही मी ओरडायला लागलो, इतका की घसा बसायचा. उपांत्य फेरीत आम्ही शेवटच्या दहा मिनिटांत हरलो. सगळ्यांना भूक लागली. सर म्हणाले, "सांगितलं होतं." त्यानंतरही चार वर्षं ते मैदानावर येत राहिले. दर वर्षी नवा कॅप्टन शेजारच्या क्रेटवर बसे आणि समोर काय चाललंय ते सांगे.

'नंतर तुझं तू बघ' हे मात्र राहून गेलं. आधी परीक्षा होती, मग नोकरी, मग एवढ्या जुन्या गोष्टीचं काय म्हणून. मला दिसत होतं, मी बोलत नव्हतो.

गेल्या पावसाळ्यात सर गेले. बातमी ग्रुपवर हिरामणनं टाकली. कॉलेजच्या सभागृहात शोकसभा झाली. काकूंनी मला बाजूला बोलावून घडीचा एक कागद हातात दिला. "त्यांच्या पाकिटात असायचा," म्हणाल्या. "मी काढला की परत ठेवायला लावायचे."

इम्रान बोलायला उभा राहिला. आता तो मालेगावात मुलांना फुटबॉल शिकवतो. म्हणाला, "सरांसमोर खरं लिहायची हिंमत आपल्यात एकाच माणसात होती. तो इथं बसलाय. त्यानं लिहिलं म्हणून सर पुढची चार वर्षं मैदानावर राहिले." सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. काकूंनी बघितलं नाही.

मी उठलो, पुढे गेलो. कागद उघडला. घड्यांवर विरला होता. पुढची बाजू वाचली नाही. उलटवला आणि मागची बाजू वाचली, "सर लवकर चिडतात." मग म्हटलं, "एवढंच लिहिलं होतं मी. बाकीचं सरांनी स्वतः वाचलं."

 मग मागच्या रांगेतून हिरामणचा आवाज आला, "खरंच?"

"हो," मी म्हटलं.