पाळणाघराच्या भिंतींना चादरी

फोन वाजत होता आणि मी तो उशीखाली सरकवला. मुलीचा होता, पुण्याहून. ती रोज संध्याकाळी करायची. दिवसभर पोरांचा कलकलाट ऐकल्यावर मला कुणाचाच आवाज सोसत नव्हता, पोटच्या पोरीचाही. हळूहळू तिचे फोन कमी झाले.

सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यांत जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी एका ट्रस्टचं पाळणाघर आहे. मी तिथली इन्चार्ज. वर पत्रा, खाली फरशी, जेवायला स्टीलच्या ताटल्या. एक मूल रडलं की हॉल घुमायचा. मग बाकीची त्याच्या वरताण ओरडायची आणि आम्ही त्यांच्या वरताण.

घरी मी एकटीच. नवरा गेल्यापासून टीव्हीसुद्धा लावत नाही. तरी कानात बारीक शिट्टी वाजत राहायची. शेवटी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ऑडिओमेट्री करायला सांगितली. बंद केबिनमध्ये हेडफोन लावायचा, आवाज आला की बटण दाबायचं. मी बटण धरून वाट बघत बसले. मशीन केव्हाच सुरू झालं होतं.

"गेलेलं परत येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "उरलेलं सांभाळा. तिथला आवाज कमी करा."

ट्रस्टच्या सरांना सांगितलं तर ते हसले. "मॅडम, पोरं हायत ती. कालवा करणारच की."

"सर, जेवणाच्या वेळेला हितं बसून एक फोन घ्या की."

त्यांनी घेतला. "हॅलो, हॅलो" करत गेटबाहेर गेले आणि ट्रकच्या रस्त्यावर उभं राहून बोलले. दुसऱ्या दिवशी एका कारखान्यातून डागी चादरी आल्या. आमच्या गावात दुसरं काय येणार? त्या भिंतींवर आणि पत्र्याखाली टांगल्या. ताटल्या प्लास्टिकच्या आणल्या. माझ्याबरोबर काम करणाऱ्या लक्ष्मीअक्का संध्याकाळी म्हणाल्या, "बाई, आज घसा बसला न्हाय माजा."

मलाही संध्याकाळी कुणाचा आवाज सोसवू लागला. मग मीच मुलीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती हळू आवाजात काहीतरी म्हणाली. मला कळेना. पुन्हा विचारलं, पुन्हा कळलं नाही. शेवटी ती ओरडून म्हणाली, "मला वाटलं, तुला माझ्याशी बोलायचंच नाही, आई."

शब्द कळले. आधी ती ते कशी म्हणाली होती, ते मात्र ऐकायचं राहून गेलं. त्याचं फार वाईट वाटलं.

आता ती मेसेज टाइप करते. जेवलीस का, गोळी घेतलीस का. मी वाचते.

कामावर नव्या येणाऱ्या मुलींना मी एवढंच सांगते: गोंगाटाची सवय होत नसते. ऐकू येणं कमी होतं, त्यालाच आपण सवय म्हणतो.