गव्हाण मी थांबवली नाही
मळीचा वास आला की साखर कारखान्यातली ती दुपार समोर उभी राहते. ऊस आत ओढून नेणाऱ्या गव्हाणीत एक मोळी अडकली होती. यंत्र थांबवलं तर गाळप घटायचं, म्हणून ते चालू ठेवूनच मोळी ओढायची आमची रीत. "सायेब, जरा बंद करा की," कामगार म्हणाला. "लई नाजूक झालास व्हय रं?" मी, त्याचा सुपरवायझर, सगळ्यांदेखत हसलो. त्यानं चालू यंत्रात हात घातला. त्याची तीन बोटं गेली, आणि अहवालात मी त्याचाच निष्काळजीपणा लिहिला. पुढे नवे मॅनेजर आले. पुन्हा मोळी अडकली तेव्हा त्यांनी यंत्र बंद करून स्विचची किल्ली आत उतरणाऱ्याच्याच खिशात ठेवली. "तू वर आल्याशिवाय सुरू होणार नाही," म्हणाले. मलाही तेवढंच करता आलं असतं. त्या कामगाराला घरचे अजून धांदरट म्हणतात. उद्या राहुरीला त्याच्या घरी जाऊन त्याच्या नातवंडांसमोर सांगणार आहे, चूक माझी होती.