गाणं संपेपर्यंत टिकणारा लॅपटॉप

जव्हारला आमचं फोटो-व्हिडिओचं दुकान होतं. शूटिंग नवऱ्याकडे, बाकी सगळं माझ्याकडे: तारखा, कॅसेटवरच्या चिठ्ठ्या, एडिटिंग आणि गिऱ्हाइकांची कुरकुर. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत कॉम्प्युटरवर लग्नाची फिल्म तयार करायला लावणं म्हणजे जुगार होता. काम संपत आलं की वीज जाई, यूपीएस कोकलत बसे आणि मी वीज आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी.

तरी वीज गेल्यावरही चालणारा लॅपटॉप घेणं पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी असं चाललं होतं. घाई झाली ती सूर्यमाळकडच्या एका पाड्यामुळे.

तिकडे लग्न धवलेरी लावते. धवलेरी म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई. भटजी नसतो, ती गाते तेव्हाच लग्न लागतं. गाणं एकाच चालीचं आणि भरपूर लांब. तिथल्या एका लग्नाच्या फिल्ममध्ये नवऱ्याच्या सांगण्यावरून मी नेहमीच्या सवयीनं त्या गाण्याचे तुकडे ठेवले आणि वर हिंदी सिनेमातलं गाणं चढवलं. पाड्यावर वीज नाही, म्हणून जीपमधून टीव्ही, प्लेअर आणि भाड्याचा जनरेटर घेऊन गेलो. सगळा पाडा पाहायला बसला. पडद्यावर म्हातारी धवलेरी ओठ हलवतेय आणि आवाज येतोय सिनेमातल्या गायिकेचा. पोरं खिदळली.

म्हातारी हसली नाही. "तोंड माझा नि गाणा कोणाचा गं बाय?" तिनं मलाच विचारलं.

नवरा म्हणाला, "आजी, तुमचं गाणं लांब आहे. बघणाऱ्याला कंटाळा येतो."

"लगीन लागताना नाय आला कंटाळा?" मग तिनं निकाल देऊन टाकला. "माझा गाणा पुरा दाखव. हितंच, सगळ्यांम्होरं. आन् ती फटफट बंद ठेवून. तवर मांडवात कॅमेरा नाय."

फटफट म्हणजे जनरेटर. आसपासच्या सगळ्या पाड्यांवरची लग्नं तीच लावायची. ती नाही म्हणाली तर आमचं उन्हाळ्याचं निम्मं काम बंद.

म्हणून लॅपटॉप घ्यायला नाशिकची एसटी धरली. दुकानात दोन लॅपटॉप आमच्या आवाक्यातले निघाले. एकाचा प्रोसेसर वेगवान, टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या तोडीचा. दुसऱ्याचा हळू, पण वीज कमी खाणारा. नवरा आकडे वाचूनच खूश झाला.

"अगं, गिगाहर्ट्झ बघ. मोठं इंजिन घ्यावं. घाटात कामाला येतं."

"मोठं इंजिन डिझेल किती पितं ते विचारा," मी म्हटलं.

दुकानदार म्हणाला, "वहिनी, एडिटिंगला हा वेगवानच घ्या. बॅटरी काय, पाहिजे तेवढी चालते."

पाहिजे तेवढी म्हणजे किती, हे मला बघायचं होतं. म्हातारीचं अख्खं गाणं मी सीडीवर घालून आणलं होतं. दोन्ही लॅपटॉपवर ते उतरवायला लावलं, बॅटऱ्या भरून घेतल्या, वायरी काढायला सांगितल्या आणि दोन्हीकडे एकदम सुरू केलं. दुकानभर धवलेरीचा आवाज घुमू लागला.

"किती वेळ चालायचं हे?" दुकानदारानं विचारलं.

"लग्न लागेपर्यंत."

"मग जेवायला तरी वाढा."

मी डबा उघडला. भाकरी संपायच्या आधी वेगवान लॅपटॉपचं बूड इतकं तापलं की हात ठेववेना. गाणं अर्ध्यात असताना तो बंद पडला. दुसरा गातच राहिला. दुकानदार गिऱ्हाइकांना सांगू लागला, "बसा, अजून हळद उतरायचीय."

गाणं संपलं. मी हळू लॅपटॉप बांधायला सांगितला. परतीची एसटी मोखाड्याला थांबली. तिथं चहा घेताना नवरा म्हणाला, "फिल्म तयार व्हायला दुप्पट वेळ लागेल. बसणार कोण?"

कोण बसणार हे त्यालाही माहीत होतं.

पाड्यावर या वेळी लॅपटॉप आणि बॅटरीवर चालणारे छोटे स्पीकर, एवढंच नेलं. म्हातारीला पुढे बसवलं. मी गाणं न कापता ठेवलं होतं. ती मध्ये पाणी पिते, खोकते, तेही. सगळे गाणं ऐकत होते. मी मात्र कोपऱ्यातलं बॅटरीचं चिन्ह बघत होते. शेवटाकडे ते लाल झालं. गाणं संपलं तरी पडदा चालूच होता.

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. "हा माझा," ती म्हणाली. "आता या मांडवात."

नवऱ्यानं सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. "पर बाय, दर लग्नाला आसाच पुरा ठेवायचा. येक बी तोडायचा नाय."

त्या उन्हाळ्यात तिनं लावायची किती लग्नं आमच्याकडे आली होती, ते मला पाठ होतं. प्रत्येकाचं गाणं पूर्ण, आणि तयार करायचं ते या सावकाश चालणाऱ्या लॅपटॉपवर. नवरा माझ्याकडे न बघता वायरी गुंडाळू लागला.

"ठेवते, आजी," मी म्हटलं.